पाण्याकडं तोंड केलेला कर्णा

मी आजवर एकच रेकॉर्ड विकली आहे, आणि ती माझी नव्हती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की पुण्याचे एक मोठे संग्राहक गाडी काढून बारामतीला आमच्या घरी आले, चहा प्यायले आणि जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांची एक तबकडी छातीशी धरून घेऊन गेले. सिनेमाचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर या छंदातली माणसं त्या गृहस्थांना लगेच ओळखतील, आणि त्यांचा यात काही दोष नाही.

ती रेकॉर्ड गुलाबतात्यांची होती.

गुलाबतात्या पळसदेवचे. मुसलमान घरातले, पण अख्खा इंदापूर तालुका त्यांना तात्याच म्हणायचा. धंदा लाउडस्पीकरचा. डीजे यायच्या आधी त्या भागातलं एकही लग्न, उरूस किंवा शाळेचं झेंडावंदन त्यांच्या कर्ण्याशिवाय झालेलं नाही. उजव्या खांद्यावर पत्र्याचा कर्णा वाहून वाहून तो खांदा कायमचा खाली उतरला होता, त्यामुळे उभे राहिले की कुणाचं तरी ऐकायला कलल्यासारखे दिसायचे. पायजमा, वर पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात तपकिरीची रिकामी डबी. डबीत ग्रामोफोनच्या सुया. आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागे.

"तात्या, जरा मोठ्यानं बोला की," असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "आवाज भाड्यानं देतो मी. सोताचा कशाला खर्चू?"

माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. मागच्या खोलीत माझ्या रेकॉर्ड असतात आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी हळू आवाजात एखादी लावतो. तात्या पहिल्यांदा आले ते नातवाबरोबर डोळे तपासायला. मी अक्षरांचा तक्ता दाखवला. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. मान मागच्या खोलीकडं वळलेली.

"अक्षरं ऱ्हाऊ द्या, डाक्टर. मला सुई दिसली म्हंजी झालं."

"मी डॉक्टर नाही हो, तात्या. चष्मेवाला आहे."

"डोळ्यात बघतो त्यो डाक्टर. मग ते काचंचं दुकान का आसंना."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करून घ्या म्हणून मी दर भेटीत सांगायचो. ते हसायचे. "बगायचं काय ऱ्हायलंय आता? आईकायचं हाय अजून." हे वाक्य मी तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा विनोद म्हणून घेतलं.

पुढं ते चष्म्याचं निमित्त काढून येत राहिले. मीही सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून भिगवणवरून पळसदेवला जाऊ लागलो. त्यांच्या घरच्या, मैमूनाबी, चुलीजवळ बसून चिलापी मासे साफ करत असायच्या आणि मला पाहिलं की म्हणायच्या, "आलं का तुमचं डाक्टर? आता दोघं बसा, त्या तव्यांवरनं हात फिरवत." रेकॉर्डला त्या तवा म्हणायच्या.

हात फिरवणं मात्र तात्यांना चालत नसे. रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेनं धरायची, तिच्या अंगाला बोट लावायचं नाही. त्यांनी आयुष्यभर हे पाळलं. "तोंडाला हात लावू न्हाई कुणाच्या," म्हणायचे.

दुसरा नियम कर्ण्यांचा. एक कर्णा मांडवाकडं, एक वेशीकडं, एक रस्त्याकडं आणि एक, काहीही झालं तरी, पाण्याकडं. उजनीच्या धरणाचं पाणी गावाच्या अगदी उशाशी आहे, पण त्या बाजूला ऐकायला कोण? एकदा वरकुट्याच्या लग्नात नवरीच्या मामानं हटकलं, "तात्या, तिकडं नुस्ती बाभळीची झाडं न् पलीकडं पाणी. माशांचं लगीन लावताय का?"

"त्यान्लाबी आवतान हाय," तात्या म्हणाले आणि कर्ण्याची तार आवळत राहिले.

मामा हसला. मीही हसलो. तात्या हसले नाहीत, हे घरी परतताना लक्षात आलं.

त्यांच्याकडं बऱ्याच रेकॉर्ड होत्या, पण प्रत्येक ठिकाणी सगळ्यात आधी लागायची ती ही, सिनेमाच्या गाण्यांची. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं. साधंच गाणं आहे. बासरी वाजते, थांबते, मग गाणारी बाई श्वास घेते आणि दुसरं कडवं सुरू होतं. तात्यांच्या रेकॉर्डवर तिथं ओरखडा होता. सुई त्या श्वासावर अडकायची. बाई श्वास घ्यायची, टक्, पुन्हा श्वास, टक्, पुन्हा श्वास. कडवं यायचंच नाही. चारी दिशांच्या कर्ण्यांतून नुसतं कुणीतरी दम घेतंय, बोलायला तोंड उघडतंय आणि बोलत नाहीये.

कोऱ्हाळे बुद्रुकला मी हे भर दुपारी, भरल्या मांडवात ऐकलं. डीजेचा जनरेटर बंद पडला म्हणून कुणीतरी तात्यांना आणवलं होतं. नवरदेवाचे मित्र नाचायला उभे आणि गाणं अडकलं.

"आरं, बाईला दमा लागला," एक पोरगा ओरडला. बाकीचे खिदळले.

"तात्या, गिअर टाका."

"ढकलस्टार्ट हाय रं ती."

तात्यांनी घाई केली नाही. मान कलती करून ते ऐकत राहिले. खिदळणं हळूहळू विरलं. मांडवात बसलेल्या बाया पदर सावरून बसल्या. एकीच्या मांडीवरचं तान्हं मूल रडत होतं, ते गप्प झालं आणि कर्ण्याकडं बघायला लागलं. त्या श्वासात असं काही होतं की ऐकणाराही आपला श्वास धरून ठेवायचा. मग तात्यांनी करंगळीच्या शेजारचं बोट सुईच्या दांडीला हलकेच लावलं आणि म्हणाले, "चल गं. फुडं चल."

सुई सुटली. कडवं सुरू झालं.

नवरदेवाचे चुलते जवळ आले. "तात्या, नवी घ्या की आता ही रेकॉर्ड. किती वर्सं तीच."

"नवी घिऊन काय करू, आबा? नवी श्वास घेती का?"

आबांना ते कळलं नाही. मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं जुनं पळसदेव वर येतं. आधी देवळाचं शिखर, मग सभामंडप, मग घरांची जोती, आणि शेवटी जुना रस्ता. भेगाळलेल्या गाळातून तो सरळ पाण्यात उतरत जातो. माणसं फोटो काढायला येतात. तात्या दरवर्षी एक दिवस निवडून ट्रॅक्टरची बॅटरी, मशीन आणि एक कर्णा घेऊन तिथं जायचे. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. भर दुपार होती. गाळ पांढरा फटक, पाणी पांढरं, आभाळ पांढरं. सावली म्हणून कुठं नव्हती. लांबवर एक मच्छीमार, नाव उलटी घालून डांबर लावत बसलेला. तात्यांनी रस्ता पाण्यात शिरतो तिथं कर्णा ठेवला, पाण्याकडं तोंड करून, आणि ते गाणं लावलं.

सुई श्वासावर अडकली. या वेळी त्यांनी बोट लावलं नाही. ते पाण्याकडं बघत बसले आणि त्या श्वासाच्या तालात, माझ्याकडं न बघता, बोलले.

"माझी थोरली. जैबू. ही रेकॉर्ड नवी आनली त्याच टायमाला, धरनाचं पानी पयल्यांदा चढत हुतं. आमी वरल्या गावात ऱ्हायला आलो हुतो, पर निम्मं सामान खाली जुन्या घरातच. वर एक लगीन हुतं. मी मशीन मांडल्यालं. जैबू आली पळत न् सुई धरली तिनं. बांगडी घासली का काय झालं, रेकॉर्डवर ह्यो ओरखडा. मी दिली एक ठिवून. म्हनलं, चल, घरला हो फुडं. आल्यावर बगतो तुला."

श्वास. टक्. श्वास. टक्.

"घरला म्हनलं म्या. तिला घर म्हंजी ह्येच." त्यांनी पाण्यात उतरणारा रस्ता दाखवला. "जलमापासनं पायाखालचा रस्ता. तिला काय वाटलं आसंल, घोट्याएवडं पानी हाय, फुडं संपंल. ती गेली आपली रस्त्यानं. चपला घावल्या. ती न्हाय घावली. फोटू न्हाय डाक्टर तिचा. तवा कोन काडतंय पोरीचा फोटू. ह्यो ओरखडा तेवडा हाय."

मग त्यांनी बोट लावलं. "चल गं. फुडं चल." तेच शब्द. पण आता मला ते कुणासाठी आहेत हे माहीत होतं. इतक्या वर्षांत किती मांडवांतून, किती गावांवरून त्या माणसानं ते शब्द तिला पुन्हा, या वेळी हळू आवाजात, सांगितले असतील. गाणं पाण्यावरून पलीकडं गेलं. आणि मी शपथेवर सांगतो, वारा अजिबात नसताना रस्त्याच्या कडेचं पाणी जरासं मागं सरकलं. मच्छीमारानंही मान वर केली होती. नंतर मी त्याला काही विचारलं नाही.

आता माझं.

पुढच्या हिवाळ्यात मैमूनाबी गेल्या. तात्यांच्या घराला ओल आली, रेकॉर्डवर बुरशी धरली. त्यांनी ती एकच रेकॉर्ड माझ्याकडं धुवायला दिली, मैमूनाबींनी लुगड्याच्या कापडातून शिवलेल्या पिशवीसकट. रेकॉर्डचं मूळ कव्हर कधीच फाटून गेलं होतं. "उन्हाळ्याच्या आत द्या," एवढंच म्हणाले.

धुतल्यावर मी तिचं लेबल भिंगाखाली पाहिलं. त्या सिनेमाच्या अगदी पहिल्या खेपेतली तबकडी होती ती. माझ्याकडं त्याच सिनेमाची रेकॉर्ड होती, पण कितीतरी नंतरच्या खेपेची. कव्हर झकास, तबकडी स्वच्छ, तरी जाणकार तिला हात लावणार नाही अशी. मी तात्यांची तबकडी माझ्या कव्हरशेजारी ठेवून फोटो काढला आणि आमच्या छंदाच्या मोबाइलवरच्या गटात टाकला. 'माझ्या संग्रहातून' असं वर लिहिलं. का लिहिलं? गटात मी नेहमी वाचणारा, कौतुक करणारा. माझ्याकडं कधी कुणाकडं नसलेलं काही नव्हतं. त्या संध्याकाळी मोठमोठ्या लोकांनी माझं नाव घेऊन लिहिलं. पुण्याच्या त्या गृहस्थांनी फोनच केला आणि रविवारी दारात उभे राहिले.

त्यांच्यासमोर, बायको चहाचे कप ठेवत असताना, ही माझी नाही असं मला म्हणता आलं नाही. ओरखडा दाखवला. ते म्हणाले, "चालेल. मी वाजवत नाही फारसं, जपतो." माझ्या कव्हरात तात्यांची तबकडी गेली. पैसे मिळाले, ते कशात खर्च झाले तेही आठवत नाही.

आणि माझी स्वच्छ तबकडी मी मैमूनाबींच्या पिशवीत घालून तात्यांना देऊन आलो. मनाशी म्हटलं, उलट तात्यांचा फायदाच झाला. न अडकणारी रेकॉर्ड मिळाली. हे मी खरंच म्हटलं. जैबूची गोष्ट ऐकल्यानंतर म्हटलं. लेबल वेगळं आहे हे त्यांना दिसणार नाही, हे त्यांच्या डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या मला ठाऊक होतं. ते तबकडीच्या अंगाला बोट लावणार नाहीत, म्हणजे ओरखडा नाही हे हातालाही कळणार नाही, हेही ठाऊक होतं.

उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "रस्ता उगडा पडलाय, डाक्टर. या." टाळलं असतं तर संशय आला असता म्हणून गेलो. तीच पांढरी दुपार. तात्यांनी सुई ठेवली. बासरी वाजली, थांबली. तात्यांनी मान कलती केली, बोट दांडीजवळ नेऊन तयार धरलं. बाईनं श्वास घेतला आणि गायला लागली.

तात्यांचं बोट तसंच हवेत राहिलं. दुसरं कडवं संपलं, तिसरं संपलं, गाणं संपलं. नाव उलटी घालून बसणारा तो मच्छीमार जवळ आला. "तात्या, आज गाडी अडली न्हाय. लई दिसांनी पुरं गानं आईकलं." त्यांनी सुई मागं नेली. पुन्हा बासरी, पुन्हा श्वास, पुन्हा सरळ गाणं. किती वेळा लावलं मी मोजलं नाही. शेवटी बॅटरी उतरली आणि गाणं घोगरं होत होत पुरुषाच्या आवाजासारखं झालं आणि थांबलं.

मला वाटलं, आता माझ्याकडं वळतील. म्हणतील, रेकॉर्ड बदललीस. ते म्हणाले असते तर मी तिथंच पाय धरले असते. पण त्यांच्या मनाला तो विचार शिवलाच नाही. इतका विश्वास.

"आज आली न्हाय," ते म्हणाले. आणि कर्णा उचलता उचलता, "कुठं अडकली आसंल हो? हितं मी हुतो. तितं तिला फुडं चल म्हनायला कोन हाय?"

मी घसा साफ केला. "तात्या," म्हटलं. त्यांनी वाकून कान पुढं केला, जसं लोक त्यांच्यासमोर करायचे. मी म्हटलं, "ऊन फार झालंय. निघू या."

त्यानंतर तात्यांनी मशीन लावलं नाही. ते काठाकाठानं हिंडू लागले. लोक म्हणाले म्हातारपण आहे, बायको गेल्याचं आहे. नातू मला फोन करून सांगायचा, आज आजोबा पाण्याशी उभे राहून ऐकत होते, आज देवळाच्या जोत्यावर बसले होते. मी गोळ्या सुचवायचो.

आणि त्याच दिवसांत पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. आवाज संकोचलेला. "तुमची रेकॉर्ड एकदाच लावली. तुम्ही म्हणालात तशी अडकली."

"सांगितलं होतं मी."

"हो, हो. तक्रार नाही. काढून ठेवली कपाटात. पण कव्हरला ओल येतेय. आमचं घर चौथ्या मजल्यावर, भिंती कोरड्या. गाळासारखा वास येतो." त्यांनी आवाज आणखी उतरवला. "आणि दुपारी घरात सगळं शांत असलं की... आमच्या हिलाच आधी ऐकू आलं. मशीन बंद असतं हो. कुणीतरी दम घेतल्यासारखं. तेवढंच, पुढं काही नाही. तुम्ही परत घ्याल का? पैसे नकोत मला."

बघा, किती सोपं होतं. गाडी ते पाठवणार होते. रेकॉर्ड आली असती, मी पिशवीतली बदलून टाकली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण त्या क्षणी मला दिसली ती आमची मागची खोली, दुपारची, गिऱ्हाईक नसलेली. आणि त्या खोलीत तो श्वास. मला भीती वाटली. मी म्हणालो, "विकलेली वस्तू मी परत घेत नाही." आणि फोन ठेवला.

चोरीपेक्षा हे वाईट होतं. तिथं माझी हाव होती. इथं ती पोरगी कुठं आहे हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं, तिचा बाप तिला काठाकाठानं शोधत होता, आणि मी दार लावून घेतलं.

तात्यांना शेवटचं पाहिलं ते पाऊस यायच्या आधी. धीर गोळा करून, सांगायचंच असं ठरवून मी पळसदेवला गेलो होतो. नातू म्हणाला, आजोबा खाली गेलेत. वरूनच दिसले. पाणी आणखी मागं हटलं होतं, रस्ता लांबवर उघडा पडला होता आणि त्याच्या अगदी टोकाला तात्या उभे होते, घोट्याएवढ्या पाण्यात. खांद्यावरचा कर्णा त्यांनी उतरवला होता. कर्ण्याच्या मागचं आवाजाचं यंत्र खोलून काढलं होतं. कर्ण्याचं मोठं तोंड पाण्याकडं करून, अरुंद टोक कानाला लावून ते ऐकत होते. आयुष्यभर ज्यातून ओरडून सांगितलं, त्यातून. मधूनमधून कर्णा थोडा फिरवायचे, इकडं, तिकडं, आणि पुन्हा निश्चल. मी हाक मारली असती तर तिच्या आवाजात व्यत्यय आला असता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आणि वरूनच परत फिरलो.

त्याच पावसाळ्यात ते झोपेत गेले. पाणी चढलं, रस्ता बुडाला. लुगड्याची पिशवी नातवानं माझ्याकडं आणून दिली. "आजोबा म्हनले हुते, ही डाक्टरला द्या, ते जपून ठिवतील." तिच्यात माझीच स्वच्छ तबकडी आहे. ती सरळ वाजते.

दुसरी अजून पुण्यात आहे. मी अलीकडं फोन केला होता. त्या गृहस्थांनी ती टाकलेली नाही, भीतीनं टाकवत नाही म्हणाले. दुपारी ते दोघंही आता घरात थांबत नाहीत.

मी तिथं जायचं, दुपारी त्या खोलीत बसायचं, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लावायचं, सुई अडकू द्यायची, मग दांडीला बोट लावायचं आणि तात्यांनी म्हटलं असतं तसं हळू आवाजात म्हणायचं, चल गं, फुडं चल. एवढं मी गुलाबतात्यांचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.